“मजेत!” म्हणण्याआधी

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एक प्रश्न दहा वेळा तरी विचारला जातो. “काय, कसं काय? मजेत ना?” उत्तरही ठरलेलं असतं. “मजेत!” मग पुढचा माणूस, पुढचा द्रोण, पुन्हा “मजेत!”

एका वर्षी आम्ही दोघांनी हे उत्तर त्या संध्याकाळी निदान वीस जणांना दिलं. ते खोटं होतं. बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं. बाळाची आई तीन रात्री जेमतेम दोन-दोन तास झोपली होती आणि बाळाचे बाबा मनातून घाबरून गेले होते. पण पैठणी नेसली, कुर्ता घातला, बाळाला टोपडं चढवलं आणि आम्ही गेलो. फोटोही काढले. आजही ते फोटो पाहिले तर कुणाला काही कळणार नाही.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बाळ शाळेत जातं, बाळाची आई ठणठणीत आहे. मंडळाच्या या पानांवर पाककृती, सहलीचे वृत्तांत आणि मुलांच्या कविता येतात, त्या आम्ही आवडीने वाचतो. पण आपल्यापैकी कित्येक घरांत जे घडतं आणि ज्याविषयी कुणी बोलत नाही, त्याविषयीही एकदा लिहावं असं आम्हांला वाटलं. नाव मात्र छापू नये अशी संपादकांना विनंती केली आहे. लाज वाटते म्हणून नव्हे. बाळ मोठं होईल तेव्हा ही गोष्ट त्याला आधी आमच्याकडून कळावी, म्हणून.

आमच्या घरी काय झालं

बाळ इथेच जन्मलं. पहिले तीन महिने भारतातून आई आल्या होत्या. तेल-मालिश, शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळं रीतसर झालं. मग त्यांच्या मुक्कामाची मुदत संपली आणि त्या परत गेल्या. विमानतळावरून घरी आल्यावर बाळाची आई सोफ्यावर बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. आम्हांला वाटलं, आई गेल्याचं दुःख आहे, होईल कमी.

कमी झालं नाही. बाळ झोपलं तरी तिला झोप येईना. जेवणाला चव लागेना. वरणाला फोडणी द्यायची एवढं ठरवायलाही तिला अर्धा तास लागे. पुण्यात पंधरा जणांच्या हाताखालचं काम सांभाळलेली ही बाई, पण बाळाचे कपडे वाळत घालणंही तिला डोंगराएवढं वाटू लागलं. बाबांचं ऑफिस दिवसभर, रात्री युरोपशी फोनवर मीटिंग. चौदाव्या मजल्यावरच्या त्या घरात दिवसभर बोलायला फक्त पाच महिन्यांचं बाळ.

बाळाच्या बाबांनी त्यांच्या समजुतीप्रमाणे जे सुचेल ते केलं. “आराम कर.” “जरा खाली फिरून ये.” “इतकं मनाला लावून घेऊ नकोस.” भारतात फोन केला तर तिकडून उत्तर आलं, “आम्ही चार-चार मुलं वाढवली, आम्हांला कधी काही झालं नाही.” दृष्ट काढली, पोथीही वाचली. त्याने वाईट काही झालं नाही, पण झोपही आली नाही. जवळच्या एका दवाखान्यात गेलो. पाच मिनिटांत व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळाल्या आणि “नव्या आईला थकवा येतोच” असं ऐकून परत आलो.

शेवटी मंडळातल्याच एक काकू डबा घेऊन आल्या. डबा ठेवून परत जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. बाळाला मांडीवर घेतलं आणि शांतपणे विचारलं, “रात्री झोप लागते का गं?” मग, “भूक लागते का?” मग थोडं थांबून, “आपण नसलेलंच बरं, असं वाटतं का कधी?”

बाळाची आई रडायला लागली. इतक्या महिन्यांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता, बाळाच्या बाबांनीही नाही. विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेली गोष्ट शिरेल, अशी आमची समजूत होती. ती चुकीची आहे, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. थेट विचारल्याने तसा विचार मनात येत नाही. आधीच आलेला असेल तर तो एकट्याने वाहण्याचं ओझं कमी होतं.

दुसऱ्या दिवशी काकू बाळापाशी थांबल्या आणि आम्ही हॉस्पिटलात गेलो. तिथे दहा प्रश्नांचा एक कागद भरायला दिला. ही प्रश्नावली एडिंबरोच्या नावाने ओळखली जाते, १९८७ साली तयार झाली आणि जगभर वापरली जाते. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, विनाकारण भीती वाटली का, असे साधे प्रश्न. उत्तरांची बेरीज पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हा आजार आहे. तुमचा दोष नाही. आणि हा बरा होतो.” या तीन वाक्यांसाठी आम्ही सात महिने थांबलो होतो.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ बायकांना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्यापुढे टिकलं तर मात्र तपासून घ्यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे बाळंत झालेल्या शंभर बायकांपैकी सुमारे तेरा जणींना मानसिक आजार होतो आणि त्यात बहुतांशी नैराश्य असतं. आपल्या आज्यांच्या वेळीही ते असणारच. त्याला नाव नव्हतं, आणि घरात जावा-नणंदा होत्या.

गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही सुरू झालं. बाळाला अंगावर पाजत असताना चालतील अशाच गोळ्या डॉक्टरांनी निवडून दिल्या. पहिले तीन आठवडे काहीच फरक दिसेना. आम्ही निराश झालो, पण औषधाला तेवढा वेळ लागतोच, हे आधी सांगितलेलं असल्यामुळे टिकून राहिलो. चौथ्या आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरातून गुणगुणण्याचा आवाज आला. बाळाचे बाबा दाराआड उभे राहून ऐकत होते. आत गेले नाहीत, न जाणो गाणं थांबलं तर!

ठाणे, येरवडा आणि वुडब्रिज

आपल्याकडे लहानपणापासून एक विनोद ऐकू येतो. कुणी विचित्र वागलं की मुंबईकडे म्हणतात, “याला ठाण्याला पाठवा.” पुण्याकडे म्हणतात, “येरवड्याला.” दोन्हीकडे मनोरुग्णालयं आहेत, म्हणून दोन गावांच्या नावांचीच शिवी झाली.

सिंगापूरची गोष्ट थेट अशीच आहे. यिओ चू कांग रोडवर १९२८ साली इथलं मनोरुग्णालय उघडलं. १९५१ साली त्याला वुडब्रिज हॉस्पिटल हे नाव दिलं, ते जवळच्या एका लाकडी पुलावरून. लोकांना नवं, सौम्य नाव द्यावं हा हेतू. पण होक्कीयन बोलीत त्या पुलाला ‘पांग क्यो’ म्हणत, आणि बघता बघता ‘पांग क्यो’ हीच वेड लागल्याची खूण झाली. १९९३ साली हॉस्पिटल बुआंगकॉकच्या नव्या जागेत गेलं. आज ते इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ, म्हणजेच आयएमएच, म्हणून ओळखलं जातं. टॅक्सीत बसून तिथला पत्ता सांगताना आमचाही आवाज खाली गेला होता, हे कबूल करतो. ड्रायव्हरकाकांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

आयएमएचने २०१६ साली सिंगापूरभर एक मोठी पाहणी केली. तीत असं दिसलं की दर सात माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झालेला असतो. त्यात नैराश्य सर्वांत जास्त. त्यांतल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक लोकांनी कुणाचीच मदत घेतलेली नव्हती. ज्यांना पुन्हा पुन्हा हात धुणं, तपासणं असा मंत्रचळ जडतो, त्यांतले मदतीला गेलेले लोकही सर्वसाधारणपणे ११ वर्षं थांबून मग गेले होते. ही पाहणी नागरिक आणि पीआर यांची होती. आपल्यासारखे पासवर राहणारे तीत मोजलेलेच नाहीत. सातांत एक हा हिशेब आपल्या मंडळाच्या सभागृहाला लावून पाहा. प्रत्येक रांगेत निदान एक खुर्ची निघते.

परक्या गावी मनावर काय येतं

देश सोडून आलेल्या माणसाचं मन कमकुवत असतं असं नाही. त्याचे आधार मात्र विरळ झालेले असतात.

शिकलेली, नोकरी केलेली बायको नवऱ्याबरोबर इथे येते. १ मे २०२१ पासून डिपेंडंट पासवरच्या जोडीदाराला नोकरी करायची तर स्वतःचा वेगळा वर्क पास लागतो. तो सहज मिळत नाही. काल ऑफिसात जिच्या सहीशिवाय फाईल हलत नव्हती तिला आज “तुम्ही काय करता?” या प्रश्नाची धास्ती वाटते.

पुरुषांची तऱ्हा वेगळी. नोकरी गेली तर नुसता पगार जात नाही, राहण्याचा परवानाही त्या नोकरीला बांधलेला असतो. ही भीती बोलून दाखवायची सोय नसते. मग शुक्रवारचा एक पेग रोजचा होतो. आपल्या पार्ट्यांमध्ये यावर हशा होतो, कुणी काळजी करत नाही.

मुलांना बाराव्या वर्षी पीएसएलईला बसायचं असतं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि दुसरी भाषा म्हणून बहुधा हिंदी, कारण शाळेत शिकवल्या जाणाऱ्या भाषांच्या यादीत मराठी नाही. मुलांचं पोट दर सोमवारी सकाळीच का दुखतं, हे एकदा शांतपणे विचारून पाहावं.

भारतातून आलेले आई-वडील दिवसभर बंद घरात बसतात. खाली उतरलं तर बोलायला कुणी नाही. “इथे सगळं स्वच्छ आहे हो, पण जीव रमत नाही” असं ते म्हणतात, तेव्हा आपण त्यांना चांगीचे धबधबे दाखवायला नेतो.

आणि आपल्या घरात राहून आपली मुलं सांभाळणारी मदतनीस? तिचं स्वतःचं मूल दूर दुसऱ्या देशात असतं. १ जानेवारी २०२३ पासून तिला महिन्यातून निदान एक सुट्टी प्रत्यक्ष द्यावीच लागते, पैसे देऊन ती टाळता येत नाही. कायदा एवढंच सांगतो. तिच्या झोपेची चौकशी करायला कायदा लागत नाही.

ओळखायचं कसं?

डॉक्टरांनी आम्हांला एक सोपं माप दिलं: दोन आठवडे. पुढच्यांपैकी काही गोष्टी जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा जास्त टिकल्या आणि रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, तर दाखवून घ्यावं.

झोप न येणं, पहाटे तीनला जाग येणं, किंवा उलट सतत झोपून राहणं. भूक जाणं किंवा नको इतकं खाणं. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणं. छातीत धडधड, कारण नसताना धास्ती. क्षुल्लक निर्णय न घेता येणं. लोकांना टाळणं, फोन न उचलणं. आपण सगळ्यांना ओझं झालो आहोत असं वाटणं. आपल्या माणसांत कित्येकदा तक्रार मनाची नसून शरीराची असते: डोकं दुखतं, अ‍ॅसिडिटी होते, अंग जड झालंय. सगळ्या तपासण्या चांगल्या येतात आणि त्रास मात्र तसाच राहतो.

कानात आवाज येणं, कुणीतरी पाळत ठेवतंय अशी ठाम खात्री वाटणं, किंवा जीव द्यावासा वाटणं, यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नये. त्याच दिवशी मदत घ्यावी.

मराठीतलं दुखणं इंग्रजीत सांगताना

डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, “डिप्रेस्ड वाटतं का?” बाळाची आई म्हणाली, “नो.” ती खोटं बोलली नव्हती. तिच्या मनात तो शब्दच नव्हता. तिच्या मनात होतं, “कशात जीव लागत नाही, उबग आलाय, आतून पोकळ झालंय.” घालमेल, तगमग, कासावीस, हुरहुर या प्रत्येक शब्दाचा त्रास निराळा आहे आणि इंग्रजीत नेताना तो अर्धा सांडतो.

आम्ही एक युक्ती केली, ती सांगतो. आदल्या रात्री मराठीत सगळं लिहून काढलं. मग त्यातल्या ज्या गोष्टी मोजता येतात त्या वेगळ्या केल्या: किती तास झोप, किती किलो वजन कमी, किती आठवडे, दिवसातून किती वेळा रडू. आकड्यांना भाषांतर लागत नाही. उरलेलं नवऱ्याने वाचून दाखवलं. पण नवऱ्यासमोर सांगता येणार नाही असं काही असतं, म्हणून थोडा वेळ एकटीने बोलण्याची वेळही मागून घ्यावी. डॉक्टर नाही म्हणत नाहीत.

“पण नोकरीचं काय? लोक काय म्हणतील?”

हे दोन प्रश्न सगळ्यांत जास्त पाय मागे ओढतात.

पहिलं, डॉक्टर आणि समुपदेशक तुमची माहिती गुप्त ठेवतात. जिवाला धोका असल्यासारखे प्रसंग सोडले तर तुमच्या संमतीवाचून ती कंपनीला जात नाही. आमच्या घरातल्या उपचारांचा आमच्या पासावर काही परिणाम झाला नाही. २०२५ च्या जानेवारीत इथल्या संसदेने नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध कायदा मंजूर केला. ज्या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, त्यांत मानसिक आजाराचाही समावेश आहे.

दुसरं, जीव देण्याचा प्रयत्न हा पूर्वी इथे गुन्हा होता. १ जानेवारी २०२० पासून तो गुन्हा राहिलेला नाही. “फोन केला तर पोलीस पकडतील” या भीतीने कुणी गप्प बसू नये.

तिसरं, पैसे. नागरिक आणि पीआर यांना पॉलिक्लिनिकमार्फत गेल्यास सवलतीचे दर मिळतात. आपल्यासारख्या पासवाल्यांना पूर्ण दर पडतो. आम्हांलाही पडला, आणि कंपनीच्या विम्यात हे बसत नव्हतं. विम्याचा कागद आजारी पडण्याआधी एकदा वाचून ठेवावा. काही कंपन्या कर्मचारी आणि कुटुंबीयांना समुपदेशनाच्या काही भेटी फुकट देतात, तीही चौकशी करावी. खाली दिलेल्या मदतीच्या फोनला मात्र पास विचारत नाहीत.

राहता राहिले लोक. त्यांच्यासाठी एका माणसाची गोष्ट सांगतो.

कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात डॉ. जगन्नाथ वाणी हे आपले मराठी प्राध्यापक होते, विषय संख्याशास्त्र. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. परदेश, मुलं, नोकरी आणि घरात हा आजार. लपवणं सोपं होतं. वाणी सरांनी लपवलं नाही. त्यांनी आजाराचा अभ्यास केला, तिथल्या कुटुंबांना एकत्र आणलं आणि १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था सुरू केली. तिथे रुग्णांचे नातेवाईक एकमेकांना भेटतात, बोलतात, शिकतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ सालचा ‘देवराई’ हा चित्रपट याच आजारावर आहे. अतुल कुलकर्णीने त्यात रुग्णाचं काम केलं आहे आणि त्याच्या निर्मितीमागेही वाणी सर होते. २०१७ साली ते गेले. घरातलं दुखणं चारचौघांत सांगून या माणसाची अब्रू गेली नाही. उलट हजारो घरांची दारं उघडली.

शेजाऱ्याने काय करावं?

काकूंकडून आम्ही शिकलो ते असं. विचारावं, आणि उत्तर ऐकायला थांबावं. “काही लागलं तर सांग” असं म्हणू नये, ज्याला लागतं त्याला सांगायचं बळ नसतं. “मंगळवारी दोन तास बाळ सांभाळते” असं म्हणावं. उपदेश करू नये, योगासनांची यादी देऊ नये. बरोबर जावं, बाहेर बाकावर बसून राहावं. आणि ऐकलेलं दुसऱ्या घरी नेऊ नये. आपलं मंडळ लहान आहे, गोष्ट जेवणाच्या पंगतीआधी पोचते. काकूंनी आमची गोष्ट आजतागायत कुणाला सांगितली नाही. ही सांगतोय ती आम्हीच.

हा भाग कापून फ्रीजवर लावा

जिवाला तातडीचा धोका असेल तर रुग्णवाहिका: ९९५

समॅरिटन्स ऑफ सिंगापूर, १९६९ पासूनची संस्था, चोवीस तास: १७६७

नॅशनल माइंडलाइन, चोवीस तास: १७७१

आयएमएचचा मदतीचा फोन, चोवीस तास: ६३८९ २२२२. तिथला तातडीचा विभागही रात्रंदिवस उघडा असतो.

सिंगापूर असोसिएशन फॉर मेंटल हेल्थ: १८०० २८३ ७०१९

लहान मुलांसाठी टिंकल फ्रेंड: १८०० २७४ ४७८८. सरकारी शाळांत समुपदेशकही असतात, मुलांना आणि पालकांना त्यांच्याकडे जाता येतं.

दारू, जुगार वगैरे व्यसनांसाठी: ६७३२ ६८३७

बाळंतिणींसाठी केके हॉस्पिटलात स्त्रियांच्या मानसिक आरोग्याचा वेगळा विभाग आहे. तपासणीच्या वेळी आपल्या डॉक्टरांनाच चिठ्ठी मागावी.

भारतातल्या आपल्या माणसांसाठी सरकारी टेलि-मानस, ऑक्टोबर २०२२ पासून, मराठीतही: १४४१६. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच आणि व्यसनमुक्तीसाठी पुण्याचं १९८६ सालचं मुक्तांगण या दोन्ही ठिकाणी मराठीत मोकळेपणी बोलता येतं.

आता पुन्हा गणपती येतील. प्रसादाच्या रांगेत आम्ही असूच. कुणी विचारलं तर बहुधा “मजेत” म्हणू, कारण आता ते खरं आहे. पण तुमचं तसं नसेल, तर आम्हांला “मजेत” म्हणू नका. नुसतं “बोलायचंय” एवढं म्हणा. द्रोण खाली ठेवू आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसू.

लोभ असावा.

— मंडळाचे दोन सभासद